बिनहाकेचे चार दिवस

अहो, ओल्या शेंगांचा भाव ऐकून मी जागच्या जागी उडाले! गौरी-गणपती जाऊन आठवडा झालेला. भाद्रपदातलं ते चिकट ऊन, मध्येच एखादी सर येऊन रस्ता नुसता ओला करून जाणारी. गंगापूर रोडच्या कडेला हातगाडीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग लागलेला, माती अजून चिकटलेली. त्या मातीचा वास नाकात गेला आणि माझे पाय थांबले. "कशा दिल्या?" मी विचारलं. शेंगावाल्याने आकडा सांगितला. मी म्हटलं, "किलोचा ना?" तर म्हणतो, "पाव किलोचा, ताई." ताई म्हणाला म्हणून मला काही बरं वाटलं नाही.

मला घ्यायच्या नव्हत्याच म्हणा. घरी स्वयंपाकघराच्या दाराआड शेंगांची अख्खी गोणी उभी आहे, आई परवाच गावाहून घेऊन आलीये. पण भाव विचारायचा, धक्का खायचा आणि मग तिथेच रेंगाळायचं ही माझी जुनी खोड. ती या शहराने मला पहिल्याच दिवशी लावली. तेव्हाही भाद्रपदच होता, आणि आईच्या हातात शेंगांचीच पिशवी होती.

पुण्या-मुंबईची माणसं हसतील मला. नाशिक आणि महागडं, मोठं शहर? हसा बापडे. आमची वाडी नांदगावच्याही आत. आमच्यासाठी नांदगाव हेच शहर होतं, मनमाड म्हणजे परगाव आणि नाशिक म्हणजे जिथे मोठ्या दवाखान्यात माणूस नेतात ते ठिकाण. आई तोवर एकदाच नाशिकला आली होती, आजोबांच्या दशक्रियेला. रामकुंड सोडून तिने काही पाहिलं नव्हतं, आणि तेही रडत रडत.

बारावीनंतर माझा नंबर नाशिकला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला लागला. "लोकांचं रक्त काढायला शिकायचं, अन् वर आपणच पैसे भरायचे?" हा आईचा पहिला धक्का. वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, फीचं एवढं वाटलं नाही, ती कशीबशी जमली होती. त्यांना भीती होती ती पुढच्या दोन वर्षांच्या राहण्या-खाण्याची. दादांचा स्वभावच तसा. नवीन बियाणं घेतलं तरी आधी मूठभर पेरून बघणार, किती उगवतंय ते पाहणार, मगच पोतं आणणार. मलाही त्यांनी तसंच पेरून बघायचं ठरवलं.

ओट्यावर पैसे ठेवून ते आईला म्हणाले, "येन्या-जान्याचं भाडं येगळं देतो. बाकी एवढ्यात दोघींनी चार दिवस नाशकात राहून दाखवा. खानं, राहनं, फिरनं, पोरीला जागा बघनं, समदं यातच. पाहुन्याकडं उतरायचं नाय. पुरले तर पोर राहील. नाय पुरले तर पोर घरी. मग माझ्याशी कुनी वाद घालायचा नाय." शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती ही. आईने पैसे उचलून कमरेच्या पिशवीत घातले आणि शेंगा उपटायला गेली. शहरात जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं?

निघालो तेव्हा घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता, पण आम्हाला बराच वेळ लागला. "काकू, दळन कुठं ठेवलं?" "वैनी, विरजन द्या ना." "शिंधे, येताना नाशकाहून बांगड्या आन गं," शेजारीण तिचं नाव घेऊन. दादा दारातून, "ऐकलं का, वासराला सोडू का बांधू?" गोठ्यातून म्हैससुद्धा तिलाच ओरडत होती. आई चालता चालता मान वळवून सगळ्यांना उत्तरं देत होती. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. आई म्हटली की तिला हाका असायच्याच.

पंचवटीत एका जुन्या धर्मशाळेत आम्हाला स्वस्तात खोली मिळाली. तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांपुढे आईने आधी ओंजळ-दोन ओंजळ शेंगा ठेवल्या. "वानवळा हाय, घरच्या हायेत." शेतात नवं काही निघालं की त्यातलं थोडं चार घरी द्यायचं, तो वानवळा. त्याला मोल नसतं, ते नुसतं द्यायचं असतं. म्हाताऱ्यांनी शेंगा कपाळाला लावल्या आणि पिशवीत खडीसाखरेचे चार खडे टाकून ती परत दिली, कारण वानवळ्याची पिशवी रिकामी परत करत नाहीत. आई खूश. मला म्हणाली, "बघ, शहर म्हंजे काय लय येगळं नसतं." तिचा हा समज दुपारपर्यंत टिकला.

दुपारी आम्ही गंगापूर रोडला जागा बघायला निघालो, कारण माझं कॉलेज तिकडे. भिंती-खांबांवर चिठ्ठ्या होत्या, 'मुलींसाठी कॉट बेसिस'. आईने मला वाचायला लावलं, मग अर्थ विचारला. मी म्हटलं, "खोली नाही आई, खोलीतली एक खाट भाड्याने." ती रस्त्यातच उभी राहिली. "खाटंचं भाडं? अन् खाली जमीन हाय ती कुनाची? रातच्याला पोर खाली पडली तर दंड भरायचा का?" मी तिला ओढत पुढे नेलं.

आणि धक्के तर एकामागून एक. चहाचा कप बोटाएवढा. स्वच्छतागृहात जायला पैसे. "प्यायच्या पान्याला पैसे, अन् तेच पानी सोडायला बी पैसे! हे तर दोन्हीकडून धरू ऱ्हायले की." मिसळ खाताना तिने मटकी मोजल्यासारखी बघितली आणि म्हणाली, "भिजत तर आपल्याच घरी घालतात ना मटकी, का सोन्याच्या डब्यात?" एका बंगल्याबाहेर एक गृहस्थ नळीने गाडी धूत होते. गाडी धुऊन झाली, तर रस्ता धुवायला लागले. आमच्याकडे तेव्हा नळाला आठवड्याला पाणी यायचं, आलं तर. आई बघत राहिली, बघत राहिली, आणि मला कळायच्या आत फाटकातून आत गेली, वाकली आणि नळ बंद करून टाकला. गृहस्थ हातात कोरडी नळी धरून आ वासून उभे. आई त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाली, "दादा, चालूच राह्यला व्हता." मी लाजेने मेले. आता मात्र ती गोष्ट आठवली की वाटतं, बरोबरच केलं तिने.

जिथे जागा बघायला जाऊ तिथे आई वानवळा काढायची. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रिकाम्या हाताने उभं राहायचं तिला जमेना. पहिल्या दारातल्या बाईंनी पिशवी पाहताच सांगितलं, "आम्ही दारावर काही घेत नाही," आणि दार लावलं. आईला राग नाही आला. ती चकित झाली होती. "तिला वाटलं मी इकायला आले. शेंगा इकनारी बाई लुगड्याची घडी मोडून येती का?"

खरा घोळ झाला दुसऱ्या घरात. दुसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट, टापटीप, तीन खाटांची खोली, खिडकीतून आंब्याचं झाड. मालकीणबाई बोलायला गोड. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसवलं, नियम सांगितले. गरम पाणी सातपर्यंत, केस धुवायचे रविवारी, मैत्रिणी आणायच्या नाहीत. आईने शेंगा काढल्या, तशा त्या हरखल्या. "अय्या, ताज्या! किती द्यायचे?" आई म्हणाली, "नाय नाय, वानवळा हाय." तर बाई म्हणाल्या, "असं फुकट नाही हं घेणार मी. तुम्ही शेतकरी माणसं, किती कष्ट करता." आणि शंभराची नोट आईच्या मुठीत कोंबली. आई नको नको म्हणत मागे सरकत होती, बाई घ्याच घ्याच म्हणत दाराबाहेरपर्यंत पुढे येत होत्या. तेवढ्यात लिफ्ट आली, दार उघडलं, आणि आम्ही त्या नोटेसकट खाली आलो.

बाई वाईट असत्या तर काही प्रश्नच नव्हता. त्या चांगल्या होत्या, म्हणूनच आईला काही सुचेना. खाली येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. चेहरा पांढराफटक. "वैशे, वानवळ्याचे पैसे घेतले गं मी." मी म्हटलं, "बरंच झालं की! दोन वेळचं जेवण सुटलं." तिने मान हलवली. वानवळा विकला तर शेताची बरकत जाते, असं आमच्यात मानतात. दुसऱ्या दिवशी ती नोट परत करायला आम्ही पुन्हा गेलो, तर कुलूप, बाई बाहेरगावी. तिथल्या वॉचमनकडे द्यावी तर त्याच्यावर विश्वास नाही. देवाच्या पेटीत टाकायचं मी सुचवलं. आई म्हणाली, "आपल्याला नको झालेलं देवाला द्यायचं व्हय?" मग तिने ती नोट पदराच्या टोकाला वेगळी बांधली. कमरेच्या पिशवीतल्या पैशांना तिचा स्पर्शही होऊ द्यायला ती तयार नव्हती.

त्यानंतर आम्ही जे शहर पाहिलं ते सगळं पायी. पैसे वाचवायचे म्हणून रिक्षा बंद, बसही जमेल तितकी बंद. पंचवटीतून गंगापूर रोड, तिथून कॉलेज रोड, एका सकाळी तर सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत. नदी दुथडी भरून फेसाळत होती आणि बघायला पैसे नव्हते, याचंच आईला नवल. "एवढं फुकट ठेवलं हाय, अन् चहाला मात्र मारतात!" संध्याकाळी घाटावर दिवे, आरती, माणसांचे थवे. बाजार उठताना मेथीच्या जुड्या, केळी मातीमोल मिळतात हे तिने पहिल्याच संध्याकाळी हेरलं. मॉलमध्ये शिरून थंडगार हवेत बाकावर तासभर बसायचं, कोणी काही विचारत नाही, हेही तिलाच कळलं. सरकत्या जिन्यावरून ती विनाकारण तीनदा वर-खाली करून आली. मी खाली पिशव्या सांभाळत उभी.

आणि एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. मला तिथे राहायचंच नव्हतं. घरून मी मोठी शूर होऊन निघाले होते, पण दुसऱ्या दिवसापासून मला घरचीच आठवण. एवढी माणसं, आणि त्यात मला ओळखणारं एक नाही. रस्त्यात मी चक्कर येऊन पडले तर नाव घेऊन हाक कोण मारणार? मी मनातून देवाला म्हणत होते, पैसे संपू देत. म्हणजे दादांचं खरं होईल, मी घरी जाईन आणि कोणी मला भित्री म्हणणार नाही. आई मात्र रोज सकाळी माझ्या आधी तयार. केस चापूनचोपून, पायात चप्पल, "चल, आज कुठं?"

चौथ्या दिवशी दुपारी पैसे संपले. परतीच्या भाड्याचे तेवढे वेगळे होते. सकाळचं जेवण झालं होतं, दुपारचं व्हायचं होतं, आणि पिशवीत नाणंही नव्हतं. एका जेवणाने आम्ही नापास. आम्ही गंगापूर रोडला एका झाडाखाली उभ्या होतो. आईचा चेहरा पडला होता, आणि तो पडलेला पाहून माझंच मन फिरलं. देवाकडे जे मागत होते ते मिळालं, तर मला रडू फुटलं. मी म्हटलं, "आई, तेवढी नोट मोड. जेवू, आणि दादांना सांगू, पुरले." आई म्हणाली, "नाय. तो पैसा परीक्षेत धरायचा नाय." "मग काय करायचं त्याचं? जन्मभर पदराला बांधून हिंडणार आहेस?"

आईने पदराची गाठ चाचपली. मग समोर बघत हळू आवाजात म्हणाली, "हा पैसा शेताचा नाय. तुझ्या दादांचा नाय. तुझा बी नाय. म्हंजे हा माझाच की गं." आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या काचेच्या कॉफीच्या दुकानात शिरली.

मी पळत मागे. आत थंड हवा, मऊ खुर्च्या, आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करणारी पोरंपोरी. आईने काउंटरवरच्या मुलाला फळ्यावरचं चित्र दाखवलं आणि नोट सोडवून पुढे केली. कोल्ड कॉफी. एकच. अख्खी नोट गेली, वर चार-दोन रुपये आले. माझं शिक्षण एका जेवणावर अडलेलं, आणि ही बाई कॉफी घेते! मुलाने विचारलं, "मॅडम, नाव सांगा." आई दचकली. "नाव कशाला?" "कॉफी झाली की हाक मारतो." तशी आई घाईघाईने म्हणाली, "नको नको. हाक नको मारू, बाबा. मी हितंच बसले."

खिडकीपाशी बसून तिने नळीने कॉफी ओढली, तोंड वाकडं केलं, पुन्हा ओढली. मला दिली, मी रागाने नको म्हटलं. मग रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "वैशे, चार दिवस झाले, मला कुनी हाक मारली नाय."

मला वाटलं, तिलाही माझ्यासारखंच परकं वाटतंय. मी तिचा हात धरायला गेले. तर ती हसत होती.

"लय बरं वाटलं गं. लगीन झाल्यापासून असे चार दिवस मी नाय बघितले. झोपेत बी कान टवकारलेले असतात माझे. हितं मला कुनी वळखत नाय. मी कुठं बी जाते, कुठं बी बसते, मागून कुनी शिंधे म्हनत नाय." ग्लास तळापर्यंत खरवडून ती म्हणाली, "तुला राहायचं नाय, ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं. नसंल तर सांग मोकळं. तू जा दादांकडं. मी राहते त्या खाटंवर."

मी हसले. ती हसली नाही. अगदी खरं सांगते. अठरा वर्षं मी जिला आई म्हणून हाका मारल्या, ती बाई मी पहिल्यांदा बघत होते. जे अनोळखीपण मला खायला उठलं होतं त्याच्यासाठी ती बाई आसुसलेली होती. आणि ते तिला मिळणार नव्हतं. मला मिळत होतं, आणि मी नको म्हणत होते.

घरी पोचलो तेव्हा दादा दारातच. "पुरले का?" आई खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "एका जेवनाला कमी पडले." दादांनी मान हलवली, "मग झालं तर." दादा बोलले की मध्ये कोणी बोलायचं नाही असा आमच्या घरचा रिवाज. पण माझ्याच तोंडून आलं, "दादा, मी एक जेवण कमी जेवेन. मी राहणार." आवाज इतका चढला की म्हशीनेही वळून पाहिलं. दादा आईला विचारायला वळले, "हिला काय झालं नाशकात?" आई तोवर आत गेली होती, कारण चुलत्यांनी तिला हाक मारली होती.

दादांना ऐकावं लागलं आणि मी राहिले. त्याच बाईंकडे, आंब्याच्या झाडाच्या खिडकीपाशी. सुरुवातीला उशीत तोंड घालून रडलेही. मग शहर हळूहळू माझं झालं, आता याच भागात माझी नोकरी, माझं घर. रोज सकाळी लोकांच्या दंडाला रबर बांधते, नाव विचारते, मोठ्याने पुकारते.

दर भाद्रपदात आई येते. गोणीभर शेंगा आणते, सोसायटीत घरोघर वानवळा देते. आता सगळ्यांना ठाऊक झालंय, पिशवी कोणी रिकामी परत करत नाही. राहते मात्र चारच दिवस. सकाळी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवते, "दादांचा आला तर तूच घे," म्हणते, आणि निघते. "मी येऊ का?" असं मी एकदाच विचारलं होतं. "मागं येऊ नको," एवढंच उत्तर मिळालं. कुठे जाते, काय खाते, मला माहीत नाही. संध्याकाळी परत येते तेव्हा पाय धुळीने भरलेले असतात आणि ती तरुण दिसते. मी एवढी चौकस बाई, शेंगांचे भाव विचारत हिंडणारी, पण हे विचारत नाही.

तर मी त्या हातगाडीपाशी उभी. आणि समोरच्या फुटपाथवर आई दिसली. हिरवं लुगडं, हातात अर्धा खाल्लेला पेरू. एका नव्या इमारतीची उंची बघत मान मागे टाकून उभी होती. मग रमतगमत चालू लागली, दुकानाच्या काचा बघत, कशाचीच घाई नसल्यासारखी. मला इतका आनंद झाला की हात वर गेला, तोंड उघडलं, 'आ' ओठांवर आलासुद्धा.

मी तोंड मिटून घेतलं आणि गाडीच्या आडोशाला सरकले. शेंगावाला म्हणाला, "ताई, घेताय का नाय? नुसत्या उभ्या राहू नका." मी त्याला हळूच म्हटलं, "जोरात बोलू नका हो. द्या पाव किलो." घरी गोणी भरलेली असताना, त्या अघोरी भावाने मी पाव किलो शेंगा घेतल्या. त्याचा तराजू खाली-वर होत होता, तोवर आई कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.